शहर बसचा पैसा: आधी महिन्याची तूट, मग डेपो

जळगाव-धुळ्यासारख्या महापालिकेला डेपो बांधायला पैसा मिळतो. बस रोज धावती ठेवायला मात्र स्वतःच्या खिशात हात घालावा लागतो, आणि योजना तिथेच बसतात. म्हणून हिशोब तुटीपासून मांडा.

केंद्राची विजेवरच्या बसची योजना, पीएम ई-बस सेवा (2023), 2011 च्या जनगणनेत 3 लाखांवर असलेल्या शहरांसाठी आहे. जळगाव साडेचार लाखांच्या पुढे, धुळे पावणेचार लाख. दोन्ही शहरं 50 बस मिळणाऱ्या गटात. बस आणि चालक कंत्राटदाराचे. महापालिका त्याला किलोमीटरमागे पैसे मोजते, तिकिटाचं उत्पन्न महापालिकेचं. केंद्र किलोमीटरमागे 12 मीटरच्या बसला 24, 9 मीटरच्या बसला 22 आणि 7 मीटरच्या बसला 20 रुपये देतं, तेही फार तर 10 वर्षं.

उदाहरण धरू. 9 मीटरच्या 50 बस, रोज 180 किमी, म्हणजे महिन्याला 2 लाख 70 हजार किमी. किलोमीटरमागे कंत्राटदाराचा दर 60 रुपये, केंद्राचे 22, तिकिटातून 25. उरले 13 रुपये. महिन्याला 35 लाख 10 हजार, वर्षाला सव्वाचार कोटींच्या आसपास. तिकिटाचा आकडा फुगवून तूट लपवण्याची खोड सगळीकडे दिसते. पहिल्या वर्षी तो निम्माच धरून एकदा हिशोब करून बघा. शेअर रिक्षा ज्या रस्त्यावर दहा रुपयांत नेतात तिथे प्रवासी लगेच वळत नाहीत. मे महिन्यात एसीमुळे बॅटरी लवकर उतरते आणि दुपारी बस रिकामी फिरते, तेव्हा फेऱ्या सकाळ-संध्याकाळकडे सरकवा.

ही तूट अंदाजपत्रकात 'इतर खर्चा'त ढकलू नका. तिच्यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष (खर्चाचं वेगळं खातं) उघडा, स्थायी समिती आणि महासभेची मंजुरी घ्या आणि मालमत्ता कर, थांब्यांवरच्या जाहिराती, डेपोतल्या गाळ्यांचं भाडं यांतली ठरावीक रक्कम दर महिन्याला एस्क्रो खात्यात (ठरलेल्या देण्यासाठीच राखून ठेवलेल्या बँक खात्यात) वळती होईल असा ठराव करा. जीएसटी भरपाईच्या अनुदानावर विसंबू नका, ते पगारातच संपतं. कंत्राटदाराची बिलं थकली तर बस उभ्या राहतात. पुढच्या निविदेत तो धोका दरात धरला जातो.

डेपोच्या बांधकामाला आणि डेपोसाठीच्या वीजकामाला केंद्राचं साहाय्य आहे. जागा मात्र तुमची हवी. सातबारा किंवा मिळकत पत्रिका महापालिकेच्या नावावर आहे का, विकास आराखड्यात आरक्षण कोणतं, हे निविदेआधी तपासा. आरक्षण बदलायला एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम 37 ची वाट धरावी लागते आणि ती लांबची आहे. महावितरणकडे अर्जही तेव्हाच करा. 240 किलोवॅटचे 10 चार्जर एकदम लागले तर 2.4 मेगावॅट भार होतो, आणि उच्चदाब जोडणी नसेल तर बस येऊन नुसत्या उभ्या राहतात.

नंदुरबार या योजनेत बसत नाही. तिथे जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून निवारे आणि थांबे मागता येतात. पंधराव्या वित्त आयोगाचा 60 टक्के निधी पाणी-स्वच्छतेला बांधलेला होता. अबंधित 40 टक्क्यांतून निवारे चालत, चालकांचे पगार नाही.