जुन्या फोटोंखाली कुणी बोलत नाही? या चुका टाळा

कोल्हापूरच्या माणसाला जुना फोटो दाखवला की तो गप्प बसत नाही. तरीही वाचनालयांच्या ऑनलाइन फोटोंखाली नुसते अंगठे दिसतात. याला बहुतेक वेळा घाई कारणीभूत असते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ढीग ओतणं. एका वाचनालयाच्या उत्साही पोरांनी एका रविवारी तीनशे फोटो टाकले. प्रत्येकाखाली एकच ओळ: ‘जुने कोल्हापूर’. महिनाभर कुणी काही सांगितलं नाही. मग मी त्यातला एकच फोटो पुन्हा टाकला. तालमीच्या दारात अकरा जण उभे आहेत. खाली विचारलं, ‘डावीकडून तिसऱ्याच्या हातात काय आहे? ही तालीम कुठली?’ रात्रीपर्यंत शिवाजी पेठेतल्या एका आजोबांनी नातवाकडून उत्तर लिहवून घेतलं: कुस्ती मारल्यावर मिळालेला फेटा आहे, आणि तो धरणारे माझे चुलते. तालमीचं नावही दिलं. तेव्हापासून मी आठवड्याला दोनच फोटो टाकतो आणि प्रत्येकाला एक नेमका प्रश्न जोडतो. ‘ओळखा पाहू’ हा प्रश्न नव्हे.

दुसरी चूक माझ्या फार जिव्हारी लागते. फोटो चोरीला जाईल म्हणून मधोमध नावाचा शिक्का मारतात. बाजारपेठेच्या एका फोटोत तो शिक्का बरोबर दुकानाच्या पाटीवर बसला होता. जागा ओळखायची खूण तेवढीच, आणि तीच झाकलेली. नाव द्यायचंच असेल तर खाली पांढरी पट्टी जोडून तिच्यात द्या.

फोटोची मागची बाजूही स्कॅन करा, पेन्सिलीतली नावं तिथंच असतात. यंत्राकडून रंगवून टाकू नका, फेट्याचा रंग त्याला ठाऊक नसतो. अंदाजाचं साल ठोकू नका. खासबाग मैदान १९१२ चं. त्यातल्या कुस्तीच्या फोटोखाली १९०५ लिहिलेलं मी पाहिलंय. साल माहीत नसेल तर ‘१९१२ नंतर’ एवढंच लिहा. जाणकार पुढचं सांगतो.

आणि लोकांनी सांगितलेलं तिथंच पडू देऊ नका. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जानेवारी २००८ मध्ये फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळावर सुमारे तीन हजार फोटो ठेवले. लोकांनी दिलेली माहिती पडताळून त्यांनी पाचशेहून अधिक नोंदी आपल्या सूचीत सुधारल्या. आपल्याकडे उत्तर येतं, आपण ‘धन्यवाद’ लिहितो, आणि रजिस्टरात ‘अनोळखी व्यक्ती’ तशीच राहते. पुढच्या वर्षी कुणीतरी तोच प्रश्न परत विचारतं. सांगणाऱ्याला वाटतं, आपलं कुणी ऐकलंच नाही, आणि तो पुन्हा बोलत नाही.

मी त्याच दिवशी रजिस्टर उघडतो. जुनी नोंद खोडत नाही, खाली नवी लिहितो: काय सांगितलं, कुणी, कुठल्या तारखेला. त्या पानाचा फोटो काढून सांगणाऱ्याला पाठवतो. शिवाजी पेठेतल्या आजोबांना पाठवला, तर दुसऱ्या दिवशी ते घरातला अल्बम काखेत मारून वाचनालयात हजर.