स्वतःचाच बास ऐकू येत नाही तेव्हा

बास गिटारच्या चार तारांची नावे, मेजर-मायनर स्केल, मेट्रोनोम लावून केलेला रियाज आणि एखाद्या बँडबरोबर झालेल्या दोन-चार तालमी एवढी शिदोरी तुमच्यापाशी आहे, असे धरून मी पुढे लिहीत आहे. घरी एकट्याने वाजवताना हात व्यवस्थित चालतो, पण बँडबरोबर तासभर वाजवले की उजव्या हाताची बोटे भरून येतात, डाव्या अंगठ्याच्या बुडाशी कळ लागते आणि त्यावर ड्रमर सांगतो की लय पुढे पळते आहे. असे होत असेल, तर बहुतेक जण ‘रियाज वाढव’ एवढेच सांगून मोकळे होतील. मलाही हेच सांगितले गेले आणि मी ते इमानेइतबारे केले, परंतु चुकीच्या जोराने केलेला रियाज तो जोरच हाताच्या अंगी मुरवतो, हे कुणी सांगितले नव्हते.

मूळ दुखणे ऐकण्याचे आहे. बँडमध्ये स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की हात आपण होऊन तार अधिक जोराने ओढू लागतो, आणि हे इतके नकळत घडते की विचारले तर आपण नेहमीसारखेच वाजवत होतो असे आपण शपथेवर सांगू. जोराने ओढलेली तार क्षणभर जास्त ताणली जाते आणि स्वराची सुरुवात किंचित चढी लागते. तार फ्रेटवर, म्हणजे बासच्या मानेवरच्या धातूच्या पट्टीवर, आपटून खट् असा आवाज येतो आणि त्या आपटण्यातच नादाची बरीच शक्ती संपते. साउंड इंजिनिअरला मात्र प्रत्येक स्वराच्या आरंभी उसळणारे टोक दिसते, म्हणून तो तुमची पातळी खाली आणतो. आता तुम्हाला स्वतःचा बास आणखी कमी ऐकू येतो, तुम्ही आणखी जोर लावता, आणि हे चक्र कार्यक्रम संपेपर्यंत फिरत राहते. उजवा हात जोर लावू लागला की डावाही बासची मान आवळून धरतो, कारण दोन हातांना वेगवेगळा जोर लावायला शरीर सहजासहजी तयार होत नाही, आणि आवळलेला हात लय हमखास पुढे ओढतो. बोटे, अंगठा आणि लय अशा तीन तक्रारी वरवर वेगळ्या दिसल्या, तरी त्यांचे मूळ एकच असते.

आवाज ऐकू का येत नाही, हे एकदा समजून घेतले की घाबरण्यासारखे फारसे काही उरत नाही. बासची सर्वांत जाड मोकळी तार, म्हणजे ई, सेकंदाला सुमारे 41 वेळा कंप पावते आणि सर्वांत बारीक जी तार 98 वेळा. एवढ्या खालच्या स्वरांना माणसाचा कान मुळातच मंद असतो. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी 1933 साली प्रसिद्ध केलेल्या आलेखांपासून हे नोंदलेले आहे. त्यातून 41 हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी आठ मीटरहून अधिक भरते, त्यामुळे भिंतीवरून परतलेली लहर आणि मूळ लहर काही ठिकाणी एकमेकींना वाढवतात, तर काही ठिकाणी मारून टाकतात. मागच्या भिंतीपासून साधारण दोन मीटरवर उभे राहिले, तर हाच ई जवळजवळ विरून जाऊ शकतो आणि त्याच वेळी खोलीच्या कोपऱ्यात बसलेल्या माणसाच्या छातीत तो घुमत असतो. म्हणूनच स्टेजवरचा बासवादक ‘माझे काहीच ऐकू येत नाही’ म्हणतो आणि सभागृहाच्या शेवटच्या रांगेतला श्रोता ‘बास फार झाला’ म्हणतो, आणि दोघेही खरेच बोलत असतात.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. बासचा स्वर ओळखताना कान बराचसा आधार त्याच्या वरच्या उपस्वरांचा, म्हणजे मूळ स्वराबरोबर उमटणाऱ्या वेगवान कंपनांचा, घेतो. फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून 41 हर्ट्झ बाहेर पडत नाही, तरी आपल्याला बासची ओळ कळते ती यामुळेच. हे उपस्वर मधल्या पट्ट्यात असतात आणि स्पीकरमधून बऱ्याच अंशी सरळ समोर जातात. अ‍ॅम्प जमिनीवर ठेवून तुम्ही त्याच्यापुढे हातभर अंतरावर उभे राहिलात, तर तुमचा बास तुमच्या पोटऱ्यांना उत्तम ऐकू येतो. त्यांना सुरांची जाण असती तर प्रश्नच नव्हता.

तेव्हा साउंड चेकच्या वेळी आवाजाच्या मुख्य बटणाला हात लावण्याआधी अ‍ॅम्प उचलून खुर्चीवर किंवा एखाद्या भक्कम पेटीवर ठेवावा. ते शक्य नसेल, तर मागे टेकवून त्याचे तोंड कानाकडे करावे आणि स्वतः दोन पावले दूर सरकावे. त्यानंतर ‘बास’ असे लिहिलेले बटण थोडे कमी करावे आणि मधला पट्टा, विशेषतः 400 ते 800 हर्ट्झच्या आसपासचा, वाढवावा. एकट्याने ऐकताना हा आवाज जरा नाकातला आणि कोरडा वाटेल, पण ड्रम आणि गिटार सुरू झाले की तोच स्वच्छ ओळ होऊन वर येतो. याउलट, घरी कानाला गोड लागणारा, मधला भाग कोरून काढलेला गुबगुबीत आवाज बँडमध्ये पहिल्या चार मात्रांतच नाहीसा होतो. कीबोर्डवादक डाव्या हाताने खालचे स्वर धरून बसला असेल, तर त्याला तो हात एक सप्तक वर न्यायला सांगावे, पण हे चारचौघांत सांगू नये.

कान सुधारला तरी हाताची सवय लगेच जात नाही. ती वेगळी मोडावी लागते. आठ मात्रांची एखादी साधी ओळ घ्या आणि फोनवर नव्हे, तर संगणकाला बास थेट जोडून ती दोनदा ध्वनिमुद्रित करा. पहिल्यांदा तालमीत वाजवता तशी वाजवा. दुसऱ्यांदा अ‍ॅम्पचा आवाज बराच वाढवून, तार जेमतेम बोलेल इतक्याच स्पर्शाने वाजवा. मग पडद्यावर दोन्हींचे आलेख एकाखाली एक लावून पाहा. जोराच्या स्वराला आरंभी सुळक्यासारखे टोक असते आणि लगेच उतार लागतो. हलक्या स्वराचे टोक ठेंगणे असते, पण त्याची कंबर भरलेली असते आणि तो लांबपर्यंत टिकतो. गाण्याच्या मिश्रणात उपयोगी पडते ती कंबर. हा आलेख पाहिला तेव्हा कुठे मला ‘हलके वाजव’ या सल्ल्याचा अर्थ लागला. त्याआधी तो सल्ला मला सौजन्याचा उपदेश वाटत असे. हलके वाजवण्याचा आणखी एक लाभ आहे: एरवी हात अर्ध्या ताकदीत असला, तर गाणे चढते तेव्हा देण्यासाठी काहीतरी शिल्लक राहते.

डाव्या हाताचीही अशीच परीक्षा घ्यावी. फ्रेटच्या अगदी मागे बोट ठेवून दाब हळूहळू कमी करत जा. तार भुणभुणू लागली की तेथून केसभर दाब वाढवा. तेवढाच दाब पुरतो. अंगठा मानेवरून पूर्ण उचलूनही एखादी ओळ वाजवता आली पाहिजे. एका फ्रेटला एक बोट हा नियम पहिल्या पोझिशनमध्ये, म्हणजे मानेच्या टोकाकडच्या पहिल्या चार फ्रेटवर, हट्टाने पाळू नये, कारण 34 इंच तार-लांबीच्या बासवर पहिल्या ते चौथ्या फ्रेटचे अंतर जवळजवळ 13 सेंटिमीटर भरते आणि लहान हाताने तेवढा ताण सतत दिला, तर मनगट वाकडे होणारच. उभ्या बासच्या (डबल बासच्या) शिक्षणात सिमांडलची पद्धत प्रसिद्ध आहे, तिच्यात खालच्या भागात पहिले, दुसरे आणि चौथे बोट वापरतात, तिसरे चौथ्याला आधार देते. तीच पद्धत बास गिटारवर बिनदिक्कत वापरावी. खांद्याचा पट्टा मात्र असा बांधावा की बसल्यावर आणि उभे राहिल्यावर बास एकाच उंचीवर राहील. गुडघ्यापर्यंत लोंबणारा बास छायाचित्रापुरता ठीक आहे.

दोन बोटांनी वाजवावे, तीन बोटांनी की पिकने (तार छेडायच्या छोट्या चकतीने), या वादात नवोदित महिनोन्‌महिने घालवतात, त्याचे मला नवल वाटते. अमेरिकन बासवादक जेम्स जेमरसन उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीने वाजवत असत आणि कॅरोल के पिकने वाजवत. दोघांच्याही ओळी आजचे विद्यार्थी गिरवत आहेत. स्वर सुरू कसा करायचा यावर एवढी चर्चा होते, आणि तो संपवायचा केव्हा, हा प्रश्न कुणी विचारतही नाही. एक सोपी ओळ घ्या: पहिल्या मात्रेवर एकच स्वर. तो दुसऱ्या मात्रेवर ड्रमसेटमधली स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम) वाजेल त्याच क्षणी बंद करा. नंतर तोच स्वर स्नेअरच्या पलीकडे, तिसऱ्या मात्रेपर्यंत वाहू द्या. स्वर तेच, लय तीच, तरीही दोन वेगळी गाणी ऐकू येतात. पहिल्यात स्नेअरला जागा मिळून ती कडक वाजते, दुसऱ्यात सगळा बँड जड होऊन खाली बसतो. यासाठी डाव्या हाताची मोकळी बोटे तारांवर अलगद टेकवून नाद थांबवणे आणि वरच्या तारांवर जाताना उजवा अंगठा खालच्या तारांवर सरकवत नेणे, ही दोन कामे रोज स्वतंत्रपणे घोटावी लागतात. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला पर्याय नाही.

पर्याय म्हणून जे विकले जाते त्याविषयी माझी मते जरा तिखट आहेत. कॉम्प्रेसर पेडल (जोराचे आणि हलके स्वर एका पातळीवर आणणारे उपकरण) असमान हात झाकते, सुधारत नाही. चार तारांवर आवाज आवरता येत नसताना पाच तारांचा बास घेणे म्हणजे 31 हर्ट्झची आणखी एक तार आवरण्याचे काम अंगावर घेणे होय. कामासाठी तो लागेल तेव्हा जरूर घ्यावा. तयार टॅब (कुठल्या तारेवर कुठला फ्रेट दाबायचा हे आकड्यांत दाखवणारी लिपी) पाहून बसवलेले गाणे आठवड्यात विसरते, आणि टॅबमध्ये स्वराची लांबी बहुधा नसतेच, त्यामुळे जे शिकायचे तेच गळून जाते. कानाने चार मात्रा उतरवायला संध्याकाळ गेली तरी चालेल. शिक्षकाची पारख करताना एकच पाहावे: तो शिकवणीच्या वेळात तुमच्याबरोबर वाजवतो की तुमच्यासमोर वाजवतो? समोर वाजवणाऱ्याकडून कौतुक करायला शिकता येते. आणि गुरू बासवादकच हवा असेही नाही. चांगला ड्रमर तुमची लय जितकी निर्दयपणे दाखवेल तितकी दुसरे कुणी दाखवणार नाही. ड्रमर मिळत नसेल, तर मेट्रोनोमचा वेग निम्मा करून त्याचा ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर धरावा. पहिले काही दिवस तो सारखा पहिल्या मात्रेवर घसरेल. सगळ्यांचाच घसरतो, त्यात कमीपणा नाही.

कामाच्या बाजूविषयी थोडक्यात लिहिते. आजारी पडलेल्या किंवा दुसरीकडे अडकलेल्या वादकाच्या जागी बदली म्हणून उभे राहणे, ही बहुतेक बासवादकांच्या पहिल्या कामाची वाट असते. निरोप आला की गाण्यांची यादी, प्रत्येकाची पट्टी, कुठले ध्वनिमुद्रण प्रमाण मानायचे आणि गाण्याचा शेवट कोण दाखवणार, एवढे विचारून घ्यावे. मानधन, प्रवासखर्च आणि पोहोचण्याची वेळ लेखी ठरवावी. पैशांचे विचारले तर काम जाईल ही भीती नवख्यांना असते, मलाही होती, पण विचारल्यामुळे जे काम जाते ते पैसेही देणारे नसते. प्रत्येक गाण्यासाठी एका कागदावर कॉर्ड आणि मात्रा लिहून न्याव्यात. बासची लिपी प्रत्यक्ष स्वरापेक्षा एक सप्तक वर लिहितात, हे उभ्या बाससाठीही खरे आहे. कीबोर्डवादकाच्या कागदावरून वाचण्याची वेळ आली तर ते आठवावे. जादा केबल जवळ असावी. बास अ‍ॅक्टिव्ह (आत बॅटरीवर चालणारे सर्किट असलेला) असेल, तर नवी नऊ व्होल्टची बॅटरी असावी आणि वाजवणे संपताच केबल काढून ठेवावी, कारण जॅक आत असेपर्यंत बॅटरी जळत राहते.

हात आणि कान यांच्या बाबतीत मात्र मी मवाळ भाषा वापरणार नाही. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट रात्री बधिर होत असेल किंवा मुंग्यांनी जाग येत असेल, तर वाजवणे थांबवून डॉक्टरांकडे जावे. मलम चोळून पुढच्या तालमीला जाऊ नये, आणि ‘दुखल्याशिवाय हात तयार होत नाही’ असे सांगणारा वादक कितीही ज्येष्ठ असला तरी त्याचे ऐकू नये. बोटांच्या टोकांची कातडी जाड होताना होणारी जळजळ वेगळी, ती काही आठवड्यांत जाते. आवाजाची मर्यादा अमेरिकेच्या नायॉश या, कामाच्या ठिकाणच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या, संस्थेने 85 डेसिबलला आठ तास अशी सुचवलेली आहे आणि पुढच्या प्रत्येक 3 डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे 100 डेसिबलला पाव तास. बासवादक बहुतेक वेळा झांजांच्या अगदी शेजारी, हाय-हॅट या जोडझांजेला कान लावून उभा असतो. कापसाचे बोळे कामाचे नाहीत, कारण ते वरचे स्वर जास्त खातात आणि सगळे गढूळ करून टाकतात. सर्व पट्ट्यांत जवळपास सारखा आवाज कमी करणारे वादकांसाठीचे इअरप्लग मिळतात, ते घ्यावेत. पहिल्या दोन तालमींत त्यांच्यामुळे बास पुन्हा कमी ऐकू येतो असे वाटेल आणि हात लगेच जुन्या जोरावर जाऊ पाहील. त्या वेळी अ‍ॅम्प कुठल्या उंचीवर आहे ते आधी तपासावे.