हिरडी दुखते, पण कारण सापडत नाही? या चुका टाळा

हिरडी दुखायला लागली की पहिली चूक आरशासमोरच होते. तोंड वासायचं, मोबाइलचा टॉर्च मारायचा, काळा खड्डा दिसत नाही ना ते बघायचं, आणि 'दात तर चांगला आहे, उष्णता झाली असेल' असं ठरवून मोकळं व्हायचं. पण दोन दाढांच्या मधली कीड आरशात दिसत नाही. मुळाच्या टोकाशी साचलेला पू दिसत नाही. दात आणि हिरडी यांच्यामध्ये खोल गेलेली फट तर वरून अगदी साळसूद दिसते. काही दिसलं नाही, यावरून एवढंच कळतं की कारण आरशाच्या आवाक्यातलं नाही.

दुखतंय तिथेच मूळ असेल, असंही नाही. वरच्या दाढांची मुळं सायनसच्या पोकळीला जवळजवळ खेटून असतात. त्यामुळे सर्दी साचली की वरच्या एका बाजूच्या दोन-तीन दाढा एकदमच दुखतात आणि खाली वाकलं की ठणका वाढतो. शेवटच्या दाढेच्या मागची हिरडी सुजली असेल, तोंड उघडताना जबडा धरत असेल आणि वय 17 ते 25 च्या आसपास असेल, तर अर्धवट आलेल्या अक्कलदाढेवर संशय घ्यावा. तिच्यावर हिरडीची झापड राहते, त्याखाली अन्न अडकतं आणि तिथे जंतुसंसर्ग होतो.

कधीकधी कारण हास्यास्पद वाटावं इतकं छोटं असतं. पॉपकॉर्नचं टरफल घ्या. ते नखासारखं पातळ आणि वाकडं असतं, दाताला चिकटून हिरडीखाली उभं घुसतं आणि ब्रशच्या केसांना दाद देत नाही. अशा वेळी टाचणी किंवा टूथपिकने कोरत बसलं, की टरफल आत राहतं आणि वर जखम होते. फ्लॉसचा दोरा दाताच्या बाजूला लपेटून हळूच हिरडीखाली न्यायचा आणि वर ओढायचा. दोन-तीनदा करूनही टोचणं थांबलं नाही, तर पुढची कोराकोरी डॉक्टरांवर सोडा.

हिरडीतून रक्त आलं की त्या जागी ब्रश फिरवणंच बंद करायचं, ही सर्रास होणारी चूक. बहुतेक वेळा रक्त येतं ते तिथे जंतूंचा थर साचून हिरडी सुजल्यामुळे. ब्रश बंद केला की थर वाढतो, कडक होऊन त्याचं कीटण बनतं आणि ते घरच्या ब्रशने निघत नाही. मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरून, जोर न लावता, दिवसातून दोनदा दोन-दोन मिनिटं फिरवला तर साधी सूज आठवडा-दोन आठवड्यांत ओसरायला लागते. ओसरली नाही, तर मामला ब्रशच्या पलीकडचा आहे. सिगारेट ओढणाऱ्यांची इथे फसगत होते: धूम्रपानामुळे हिरडीतून रक्त कमी येतं, त्यामुळे आतून हाड झिजत असलं तरी वरून सगळं आलबेल वाटतं.

घरगुती उपायांना माझा विरोध नाही. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या केल्या की आराम पडतो, नुकसान काहीच नाही. पण अ‍ॅस्पिरिनची गोळी दुखऱ्या हिरडीवर दाबून ठेवणं हा शुद्ध अविचार आहे. गोळीतल्या आम्लाने तिथलं कातडं पांढरं पडून भाजतं आणि एका दुखण्याची दोन होतात. लवंगेचं तेल निव्वळ, पुन्हापुन्हा लावलं तर तेही भाजतं. गाल सुजला असेल तर बाहेरून शेकू नका, थंड पट्टी ठेवा. दुखण्याची गोळी घेताना सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असू शकतं हे विसरू नका, नाहीतर नकळत डोस दुप्पट होतो. आणि मागच्या आजारात उरलेली अँटिबायोटिक्स? अजिबात नको. पू जिथे तयार होतोय ती जागा साफ केल्याशिवाय नुसत्या गोळ्यांनी दुखणं फक्त दबतं.

या सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र वेगळीच आहे: दुखायचं थांबलं म्हणून घेतलेली अपॉइंटमेंट रद्द करणं.

दाताच्या आत नस असते. कीड तिथवर पोचली की नस सुजते आणि रात्री आडवं झालं की ठणका डोक्यात जातो. मग एके दिवशी ठणका अचानक थांबतो. माणूस खूश. प्रत्यक्षात अनेकदा ती नस मेलेली असते. मेलेली नस दुखत नाही, पण जंतू आपलं काम सोडत नाहीत. ते मुळाच्या टोकातून हाडात उतरतात. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी हिरडीवर एक छोटी पुळी येते, ती फुटली की तोंडात खारट, घाण चव येते आणि दाब गेल्यामुळे पुन्हा बरं वाटतं. पुळी भरते, फुटते, भरते. अशा पुळीच्या तोंडातून डॉक्टर कधीकधी रबरासारखी एक बारीक काडी आत सरकवतात आणि एक्स-रे काढतात. काडी जिथे जाऊन टेकते तो दात गुन्हेगार. तो पुष्कळदा पुळीच्या अगदी समोरचा नसतो.

म्हणून दुखणं किती आहे यापेक्षा खुणा बघून निर्णय घ्यावा. हिरडीवर पुळी किंवा पू, हलणारा दात, चावताना येणारी कळ, रात्री झोपमोड करणारा ठणका, गरम-थंड लागल्यावर बराच वेळ न जाणारी वेदना, यातलं एक जरी असेल तरी वाट बघण्यात अर्थ नाही. यातलं काहीच नसेल आणि नुसतं हुळहुळत असेल, तर चार-पाच दिवस स्वच्छता ठेवून बघायला हरकत नाही. तोंडातला साधा व्रण आठवडा-दोन आठवड्यांत भरतो. दोन-तीन आठवडे झाले तरी न भरणारा व्रण, पांढरा-लाल चट्टा किंवा गाठ दुखत नसली तरी दाखवायचीच. आणि ताप, डोळ्यापर्यंत किंवा हनुवटीखाली पसरणारी सूज, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास असं काही झालं, तर दातांच्या दवाखान्याची वेळ बघत बसू नका, थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. छातीत दडपण आणि घाम यांच्या जोडीने जबडा दुखत असेल, तर तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. तेव्हाही तेच.

डॉक्टरांकडे गेल्यावर लोक 'इथे दुखतंय' एवढंच सांगतात आणि औषधांचा विषय काढतच नाहीत. फिट्सवरचं फेनिटॉइन आणि रक्तदाबावरचं अ‍ॅम्लोडिपिन यांनी काहींच्या हिरड्या वाढतात. मधुमेह आटोक्यात नसेल तर हिरड्यांचा आजार बळावतो. गरोदरपणात हिरड्या लवकर सुजतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करून जाऊ नका. वेदनाशामक घेऊन निघाला असाल तर कधी घेतलं तेही सांगा, कारण त्या गोळीने तपासणीत कळ दबलेली असू शकते.

दात आणि हिरडी यांच्यातली फट किती खोल आहे हे मोजायला डॉक्टर खुणा असलेली बोथट सळई दाताच्या कडेने फिरवतात. 1 ते 3 मिलिमीटर ठीक, 4 किंवा जास्त आणि सोबत रक्त असेल तर फट वाढते आहे. 'दात साफ केले की हलायला लागतात' हा समज इथेच जन्मतो. दात हलायला लागलेले असतात हाड झिजल्यामुळे. कीटणाने ते हलणं झाकलेलं असतं आणि कीटण काढल्यावर कळतं.

फोनवर वेळ घेताना 'चेकअप करायचंय' म्हणू नका, नाहीतर पुढच्या पंधरवड्यातली तारीख मिळेल. 'हिरडीला सूज आहे, चावताना कळ येते, इतक्या दिवसांपासून' असं नेमकं सांगा.