सामायिक वर्कशॉपसाठी पावडर कोटिंगचा सेट घेताना गन सगळ्यात शेवटी घ्या

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) शेड भाड्याने घेऊन चार-सहा जणांनी मिळून वर्कशॉप टाकलं, वेल्डिंग-ग्राइंडर-ड्रिल लागलं, की पुढचा विषय हमखास पावडर कोटिंगचा (गनने रंगाची कोरडी पूड विजेच्या ओढीने धातूवर बसवायची आणि ओव्हनमध्ये भाजायची) निघतो, कारण कुणाला सायकलची फ्रेम करायची असते, कुणाला ग्रिल, कुणाला गणपती मंडळाच्या मखराचा सांगाडा, आणि बाहेरचा जॉबवर्कवाला दोन नगांसाठी रंग बदलायला तयार नसतो (त्याचंही चुकत नाही म्हणा, बूथ, म्हणजे पावडर मारायची खोली, साफ करण्यात त्याचा अर्धा दिवस जातो). मग सगळे दुकानात जातात, गन हातात घेऊन बघतात, दुकानदार म्हणतो "आखो सेट लई लो", आणि खरा खर्च कुठे आहे ते घरी आल्यावर कळतं.

सुरुवात ओव्हनपासून करा. नेहमीच्या पॉलिएस्टर पावडरला साधारण २०० अंशाला १० मिनिटं लागतात, पण ते २०० अंश हवेचे नाहीत, धातूचे. पॅनेलवर आकडा २०० दाखवतोय म्हणून घड्याळ लावलं तर १ मिलिमीटरचा पत्रा नीट भाजून होईल आणि त्याच ट्रॉलीवर लटकलेला १० मिलिमीटरचा फ्लँज कच्चा राहील, दिसायला अगदी झकास आणि महिन्याभरात नखाने निघणारा. म्हणून जाडजूड आणि पातळ माल एकत्र भरायचा नाही आणि ओव्हन घेताना आत हवा फिरवणारा पंखा आहे का, जॉबला, म्हणजे रंगवायच्या वस्तूला, लावायला वेगळा थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) देतो का, हे आधी विचारायचं. लेझरवाला थर्मामीटर कोऱ्या चकचकीत धातूवर खोटं सांगतो, त्याच्या भरवशावर राहू नका.

साइज ठरवताना सगळ्यांत मोठी वस्तू मनात धरून कपाटाएवढा ओव्हन घेण्याचा मोह होतो, तो टाळा, कारण रोज रिकामी जागा तापवावी लागते. ५० किलो लोखंड ३० वरून २०० अंशाला न्यायला हिशेबाने जेमतेम सव्वा युनिट लागतं, बाकीची वीज भिंती, ट्रॉली आणि दाराच्या फटी खातात, त्यामुळे भिंतीत उष्णता अडवणारं रॉकवूल किती जाड आहे आणि दाराची पॅकिंग दोरी कशी बसते ते हात लावून बघा. १२ किलोवॅटचे हीटर म्हणजे थ्री फेजवर दर फेजला साधारण १७ अँपिअर, वर कंप्रेसर, तेव्हा ऑर्डरच्या आधी एमजीव्हीसीएलचं (वीज कंपनीचं) बिल काढून मंजूर लोड किती आहे ते बघून घ्या. आणि घरचा जुना ओव्हन कुणी आणून दिला तर त्यात पुन्हा नानकटाई भाजायची नाही, हे त्यालाच आधी सांगा.

दुसरा खर्च तयारीचा. कारखान्यात सात टाक्यांची प्रोसेस असते, तेल काढणं, गंज काढणं, मधे मधे पाण्याने धुणं, फॉस्फेटिंग वगैरे, पण सामायिक शेडमध्ये ॲसिडच्या टाक्या कोण सांभाळणार आणि ते पाणी कुठे टाकणार? गटारात सोडता येत नाही. माझं मत स्पष्ट आहे, टाक्यांच्या भानगडीत पडू नका, ब्लास्टिंगची पेटी (हवेच्या जोराने खरखरीत कण मारून गंज उडवणारी) घ्या आणि आधी तेल काढणाऱ्या डीग्रीजरने पुसा. नदीची वाळू मात्र अजिबात वापरायची नाही, वाळूच्या धुळीने होणारा फुफ्फुसांचा रोग, सिलिकोसिस, काय करतो ते खंभातला अकीक घासणाऱ्यांना विचारा, गार्नेट किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइड आणा.

कंप्रेसरचं माप यावरूनच निघतं. गनला हवा थोडीच लागते, पण ३ मिलिमीटरचं ब्लास्टिंग नोझल १७ सीएफएमच्या (मिनिटाला घनफूट हवा) आसपास ओढतं आणि १ एचपीला साधारण ४ सीएफएम धरतात, म्हणजे ५ एचपीच्या खाली जाऊ नका. हवा कोरडी हवी, बडोद्याच्या जुलैत साधा मॉइश्चर ट्रॅप पुरत नाही, ड्रायर लागतोच. पावडरसुद्धा ३० अंशांच्या आत ठेवायची, मे महिन्यात पत्र्याखाली डबा ठेवला तर तिचे खडे होतात, एसीवाल्या केबिनमध्ये एक कपाट राखून ठेवा.

बूथमध्ये घरगुती एग्झॉस्ट फॅन लावून काम भागवणारे बघितलेत. ठिणगी उडाली की हवेत उडालेली पावडर पेटते, म्हणून कार्ट्रिज फिल्टरचा बूथ, पंखा बंद तर गन बंद असं इंटरलॉक, आणि ओव्हन लांब. आणि अर्थिंग! जॉब लटकवायच्या हुकावर दरवेळी पावडर भाजून बसते, मग जॉबला अर्थ मिळत नाही, पावडर धरत नाही आणि लोक गनला शिव्या देतात. हूक कानशीने घासा, मेगरने (रोध मोजायच्या मीटरने) बघा, जॉब ते अर्थ १ मेगाओमच्या आत हवं.

आता गन. १०० केव्हीपर्यंतची, केव्ही (किलोव्होल्ट) कमी करता येणारी कोरोना गन, म्हणजे टोकाच्या इलेक्ट्रोडने पावडरला विजेचा भार देणारी, घ्या, कारण आतल्या कोपऱ्यात जास्त केव्हीने पावडर शिरतच नाही. हॉपरवाली (पावडरची मोठी टाकी असलेली) नको, थेट खोक्यातून ओढणारी किंवा छोट्या कपची घ्या, इथे रोज रंग बदलणार. रंगसुद्धा तीनच ठेवा, काळा ९००५, पांढरा ९०१६, लाइट ग्रे ७०३५ (हे आरएएल रंगपट्टीतले नंबर), बाकी ज्याला हवा त्याने स्वतःची पावडर आणावी. ६० मायक्रॉनला १ किलोत कागदावर ११ चौरस मीटर बसतं, उडालेली गोळा केली नाही तर ६-७ धरा आणि पैसे वजनावर वाटून घ्या. पावडर टीजीआयसी (तब्येतीला घातक हार्डनर) नसलेलीच मागा.

भाव करताना आपलाच एक वाकडातिकडा जॉब घेऊन जा आणि तो मारून दाखवायला सांगा. इलेक्ट्रोड, नोझल, इंजेक्टर गावात मिळतात का ते विचारा. शेवटचा हप्ता आपल्या शेडमध्ये, आपल्या विजेवर, आपल्या कंप्रेसरवर एक बॅच भाजून तिच्यावर ब्लेडने चौकटी पाडून सेलोटेप खेचून रंग निघत नाही हे बघितल्यावरच द्यायचा, आणि हे ऑर्डरवर लिहून घ्या, नंतर शेठ फोन उचलत नाहीत.