हाडाच्या गोळीचे साइड इफेक्ट वाचून आई घाबरली, मग आम्ही हिशोब मांडला

आईचा डेक्सा स्कॅन केला, म्हणजे हाडं किती भरीव आहेत ते मोजणारा एक्स-रे, त्यात टी-स्कोर आला उणे २.९. उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ. डॉक्टरांनी अलेन्ड्रोनेट ७० एमजी लिहून दिली, आठवड्यातनं एकच गोळी. घरी आल्यावर भावानं मोबाईलवर साइड इफेक्ट मोठ्यानं वाचले, जबड्याचं हाड सडतं, मांडीचं हाड आपोआप मोडतं... बास, आई म्हणाली मला नको ती गोळी, मी आपली कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर बरी हाय.

तुमच्याकडं पण हेच चाललं असेल तर आधी एक करा, यादी वाचताना काय होतं एवढंच बघू नका, किती जणींना होतं ते बघा आणि शेजारी गोळीनं काय टळतं तेपण लिहा. मांडीचंच घ्या. कॅलिफोर्नियातल्या बायकांचा एक मोठा अभ्यास २०२० ला आला, त्यात आशियाई वंशाच्या दहा हजार जणींनी ३ वर्षं अलेन्ड्रोनेटच्या जातीची औषधं घेतली तर खुब्याची ९१ फ्रॅक्चर टळतात आणि मांडीची ती विचित्र फ्रॅक्चर ८ होतात असा हिशोब निघाला. गोऱ्या बायकांत तेच १४९ आणि २. म्हणजे आपल्यासारख्यांना धोका जरा जास्तच, पण पारडं कुठं झुकतंय ते दिसतंय की. आणि खुबा मोडलेलं म्हातारं माणूस ज्यानं घरात सांभाळलंय त्याला हे वेगळं सांगायला नको.

मात्र हा मांडीचा धोका वर्षं वाढतील तसा वाढतो, म्हणून साधारण ५ वर्षांनी गोळी थांबवायची का हे डॉक्टरांना आपणहून विचारा. मधेच जांघेत नाहीतर मांडीत ठसठस सुरू झाली तर वात आहे म्हणून तेल चोळत बसू नका, एक्स-रे काढा, दोन्ही पायांचा.

जबड्याचं म्हणाल तर हाडाच्या डोसला ते फारच क्वचित, वर्षाला दहा हजारात एखादीला, त्याहूनही कमीच. ज्या भयानक केसेस ऐकतो त्यातल्या बऱ्याचशा कॅन्सरच्या पेशंटच्या, त्यांना डोस कितीतरी मोठा असतो. तरी दात काढायचा असेल तर तो गोळीच्या आधी काढून घ्या. आमच्या आईला मिश्रीची सवय, त्यामुळं आम्ही पहिलं दातांच्या डॉक्टरकडंच नेलं.

खरा त्रास होतो तो छातीत जळजळीचा, आणि तो बराचसा आपल्याच हातात आहे. पहिल्या सोमवारी आईनं चहाबरोबर गोळी घेतली आणि परत आडवी झाली, दुपारपर्यंत घशाशी आग. दुकानात गोळी देताना कुणी काही सांगितलं नव्हतं. उठल्यावर रिकाम्या पोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर, गोळी चघळायची नाही, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहा नाही दूध नाही, कॅल्शियमची गोळीपण नाही. आता ती गोळी घेऊन ओट्यावर ज्वारी निवडत बसते, एक डोळा घड्याळावर, तीस मिनिटं झाली की आधण ठेवते. जळजळ गेली.

ज्यांना गिळायला त्रास आहे किंवा अर्धा तास बसवत नाही त्यांना ही गोळी नको. त्यांच्यासाठी झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं वर्षातनं एक सलाईन असतं, पहिल्या वेळी दोनतीन दिवस ताप, अंगदुखी येऊ शकते, घाबरायचं नाही. पण किडनी फार कमजोर असेल तर तेही चालत नाही, आणि डी व्हिटॅमिन, कॅल्शियम आधी भरून काढावं लागतं. सोलापुरात ४४ डिग्री ऊन पडतं तरी आईचं डी कमीच निघालं, ऊन टाळून घरात बसल्यावर दुसरं काय होणार.

आणि हाडांसाठीच डेनोसुमॅबचं इंजेक्शन चालू असेल, दर ६ महिन्यांचं, तर साइड इफेक्टच्या भीतीनं ते परस्पर बंद करू नका. गोळीचा असर बंद केल्यावरही हाडात राहतो, याचा राहत नाही, उलट मणक्याची फ्रॅक्चर एकदम दोनतीन होऊ शकतात. थांबवायचंच असेल तर पुढं कुठलं औषध घ्यायचं ते डॉक्टरांकडनं आधी ठरवून घ्या, आणि पुढच्या इंजेक्शनची तारीख आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेसारख्या गडबडीत येत असेल तर कॅलेंडरवर लाल पेनानं मारून ठेवा.