न्यूट्रिशन एज्युकेटरची नोकरी आणि सिव्हिल राइट्स ट्रेनिंग: नव्याने येणाऱ्यांसाठी

अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठाच्या एक्स्टेन्शन विभागात, म्हणजे विद्यापीठातलं ज्ञान लोकांपर्यंत नेणाऱ्या विस्तारसेवेत, न्यूट्रिशन एज्युकेटर म्हणून रुजू झालात की सुरुवातीलाच काही सोपस्कार मागे लागतात. अन्नसुरक्षेची परीक्षा द्या, मुलांसोबत काम करायचं म्हणून पार्श्वभूमी तपासून घ्या, आणि सिव्हिल राइट्स ट्रेनिंग पूर्ण करा. पहिल्या दोन गोष्टी कशासाठी, ते सांगावं लागत नाही. तिसरीचं नाव ऐकून मात्र आपल्याकडून आलेले बहुतेक जण बुचकळ्यात पडतात. कमी पैशांत सकस स्वयंपाक कसा करायचा, हे शिकवायला आलो. त्यात नागरी हक्क कुठून आले?

गेली काही वर्षं मी हेच काम करते आहे. भारतातून गृहविज्ञान किंवा आहारशास्त्र शिकून आलेल्या, वर्क परमिट हातात पडल्यावर नोकरी शोधणाऱ्या मराठी मुलींचे मेसेज येतात आणि त्यात हा प्रश्न हटकून असतो. दर वेळी तुकड्यातुकड्यांनी उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते.

आधी नोकऱ्या कुठे आहेत ते. पोषणशिक्षणाचे मोठे सरकारी कार्यक्रम तीन. १९६९ साली सुरू झालेला एफनेप (EFNEP), कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीचा, हा लँड-ग्रँट विद्यापीठांच्या, म्हणजे सरकारी जमिनीच्या देणगीवर उभ्या राहिलेल्या विद्यापीठांच्या, एक्स्टेन्शनमार्फत चालतो. गरोदर बायका, बाळंतिणी आणि पाच वर्षांखालच्या मुलांसाठी विक (WIC) आहे, त्यातही पोषणसल्ला हा कामाचा भाग असतो. तिसरा स्नॅप-एड, म्हणजे स्नॅप (जुनं नाव फूड स्टॅम्प) ही अन्नखरेदीची सरकारी मदत घेणाऱ्या कुटुंबांसाठीचं पोषणशिक्षण. हा आतापर्यंत सगळ्यात जास्त लोकांना कामावर घेणाऱ्यांपैकी होता, पण ४ जुलै २०२५ला सही झालेल्या कायद्याने त्याचा निधी ३० सप्टेंबर २०२५पासून थांबवला. उरलेल्या पैशांवर काही राज्यांत थोडं काम रेटलं गेलं. जुन्या जाहिराती बघून अर्ज करू नका. पद कुठल्या निधीतून आहे, हे सरळ विचारा. तो प्रश्न इथे उद्धट समजत नाहीत.

कार्यक्रम कुठलाही असो, पैसा कृषी खात्याचा, म्हणजे यूएसडीएचा. आणि त्या पैशामागोमाग नागरी हक्कांचे नियम येतातच. स्नॅप आणि विकसारख्या कार्यक्रमांसाठी यूएसडीएच्या अन्न आणि पोषण सेवेची (एफएनएस) नोव्हेंबर २००५ची इन्स्ट्रक्शन ११३-१ ही सूचना पायाभूत धरतात. लोकांशी थेट संबंध येणाऱ्या प्रत्येकाला आणि त्यांच्या वरिष्ठांना दरवर्षी प्रशिक्षण, असं ती सांगते. एक्स्टेन्शनचे नियम थोडे वेगळ्या वाटेने येतात, पण रोजच्या कामात फरक फारसा जाणवत नाही.

प्रशिक्षण स्वतः कंटाळवाणं असतं, हे मोकळेपणाने सांगते. तासाभराच्या स्लाइड्स, शेवटी दहा-बारा प्रश्न, मग प्रमाणपत्र. कायद्यांची यादी येते: १९६४च्या सिव्हिल राइट्स ॲक्टमधलं टायटल सिक्स (वंश, रंग, मूळ राष्ट्रीयत्व यांबद्दलचं), १९७२चं टायटल नाइन (लिंगाबद्दलचं), १९७३च्या रिहॅबिलिटेशन ॲक्टचं कलम ५०४, १९७५चा वयावरून भेदभाव रोखणारा कायदा, १९९०चा एडीए हा अपंगांच्या हक्कांचा कायदा. वंश, रंग, मूळ राष्ट्रीयत्व, लिंग, अपंगत्व, वय, यांवरून भेदभाव करायचा नाही. स्नॅपमध्ये त्यात धर्म आणि राजकीय मतंही आहेत. परीक्षेपुरतं हे पाठ होतं आणि पुढच्या वर्षीपर्यंत विसरलंही जातं.

मला या सगळ्याचा अर्थ लागला तो इतिहास वाचल्यावर. यादीतलं ‘राजकीय मतं’ मला सुरुवातीला विनोदी वाटायचं. भाजीचं सूप शिकवताना कोण कुणाला मत देतो याच्याशी काय देणंघेणं? मग मिसिसिपीतल्या ग्रीनवूडची हकिकत वाचली. १९६२ साली तिथे कृष्णवर्णीय लोक मतदार नोंदणीसाठी पुढे येऊ लागले. तेव्हा लेफ्लोर काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) मंडळाने केंद्राकडून येणारं शिलकी धान्य वाटणंच बंद केलं. हिवाळ्यात शेतीचं काम नसताना या धान्यावरच जगणारे वीसेक हजार लोक होते, त्यातले बहुतेक कृष्णवर्णीय. नागरी हक्कांच्या चळवळीतल्या तरुणांनी देशभरातून अन्न गोळा केलं; विनोदी कलाकार डिक ग्रेगरी विमानभर शिधा घेऊन आला. मतदान करायचं तर उपाशी राहा, इतका रोखठोक व्यवहार. ते वाचल्यानंतर यादीतला तो शब्द मला कधी विनोदी वाटला नाही.

एक्स्टेन्शनचा स्वतःचा इतिहासही काही कमी नाही. दक्षिणेत दोन एक्स्टेन्शन सेवा चालत, गोऱ्यांची वेगळी आणि कृष्णवर्णीयांची वेगळी. कार्यालयं निराळी, पगार निराळे. १९६४च्या कायद्यानंतर त्या एकत्र केल्या गेल्या, पण बऱ्याच ठिकाणी फक्त कागदावर. अलाबामात १९७१ साली केंद्रीय न्यायालयाला आदेश द्यावा लागला. नॉर्थ कॅरोलिनाच्या एक्स्टेन्शनमधल्या पगारातल्या तफावतीचा बेझमोर खटला १९८६मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयात पोचला. यूएसडीएने कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना कर्जं नाकारल्याबद्दलची पिगफर्ड खटल्यातली तडजोड तर १९९९ची, म्हणजे परवापरवाची. तुमच्या वर्गात बसलेल्या सत्तरीच्या आजींनी यातलं काही डोळ्यांनी पाहिलेलं असू शकतं. सरकारी कार्यक्रमाचं नाव ऐकून त्या जरा अंग चोरून बसल्या, तर त्याला कारण आहे.

आता रोजचं काम.

वर्ग कुठे घेणार, इथूनच सुरुवात होते. चर्चच्या तळघरातली फूड पँट्री, म्हणजे गरजूंना मोफत शिधा देण्याची जागा, वर्गासाठी फुकट मिळते, पण खाली उतरायला फक्त जिना असेल तर व्हीलचेअरवरचा माणूस आलाच नाही असं दिसतं आणि आपण म्हणतो, ‘कुणी अपंग येतच नाहीत.’ माझ्या पाहण्यात या कामातला भेदभाव बहुतेक वेळा असाच, कुणाच्याही मनात खोट नसताना, खोलीच्या निवडीतून आणि वेळेतून होतो. सकाळी दहाचा वर्ग पाळीत काम करणाऱ्याला बंदच असतो. फ्लायरवर ‘विशेष सोय हवी असल्यास अमुक तारखेपर्यंत कळवा’ ही ओळ टाकायला सांगतात ती म्हणूनच. आणि ती टाकलीत तर फोन उचलायची तयारी ठेवा. सांकेतिक भाषेचा दुभाषी ऐन वेळी मिळत नाही. मार्गदर्शक कुत्रा घेऊन कुणी आलं तर कायद्याने दोनच प्रश्न विचारता येतात: हा कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का, आणि त्याला कोणतं काम शिकवलं आहे. कागद मागायचे नाहीत, आजार विचारायचा नाही. पहिल्या वेळी स्वयंपाकाच्या वर्गात कुत्रा बघून आपण बिचकतो, ते स्वाभाविक आहे.

फ्लायरवरच्या मजकुराचं एक शास्त्र आहे. भेदभाव न करण्याचं यूएसडीएचं लांबलचक निवेदन असतं आणि जागा अगदीच कमी असेल तर ‘ही संस्था समान संधी देते’ अशा अर्थाचं एका ओळीचं छोटं रूप असतं. ते शब्द स्वतःच्या मनाने बदलायचे नाहीत, मुंगीएवढ्या अक्षरातही टाकायचे नाहीत. पूर्ण निवेदन अधूनमधून बदलतं, म्हणून जुन्या फाइलमधून चिकटवू नका, दर वेळी संकेतस्थळावरून घ्या. ‘अँड जस्टिस फॉर ऑल’ हे ११ बाय १७ इंचांचं पोस्टर लोकांना दिसेल अशा जागी हवं. ते कपाटाच्या आतल्या बाजूला लावलेलं मी पाहिलं आहे! बाहेर वर्ग घेताना मी ते पाठकोऱ्या पुठ्ठ्यावर चिकटवून सोबत नेते. वेगवेगळ्या कार्यक्रमांची पोस्टरं वेगळी असतात, आपलं कोणतं ते वरिष्ठांना विचारा.

नवीन लोकांना सगळ्यात अवघड जातो तो वंश (रेस) आणि वांशिकतेचा (एथ्निसिटी) तक्ता. नाव, वय, घरात किती माणसं, इथवर ठीक. मग ‘तुमचा वंश कोणता?’ विचारायचं म्हणजे जीभ अडखळते. पूर्वी कुणी उत्तर दिलं नाही तर चेहरा बघून खूण करायची पद्धत होती. स्नॅपच्या नियमांतून ती डिसेंबर २०२३मध्ये काढून टाकली, लहान मुलांच्या जेवणाच्या कार्यक्रमांत त्याआधीच. त्यामुळे अंदाज करू नका. मी वर्गाला सरळ सांगते, ‘हे ऐच्छिक आहे, लिहिलं नाही तरी तुमची जागा आणि तुमचा लाभ जात नाही, आम्ही कुणापर्यंत पोचत नाही आहोत, ते कळावं म्हणून विचारतो.’ एवढं म्हटलं की बहुतेक जण भरतात. भारतीय माणसं गोंधळतात ती ‘अमेरिकन इंडियन’च्या, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांसाठीच्या, चौकटीपाशी, आपल्या एका काकांनी तिथे खूण करून ‘आम्ही दोन्ही’ म्हणून सांगितलं होतं. हसून त्यांना ‘एशियन’ची चौकट दाखवावी, पण खूण त्यांनाच करू द्यावी.

या आकड्यांचा उपयोग काय होतो? एक्स्टेन्शनमध्ये त्याला ‘पॅरिटी’ म्हणतात. काउंटीत तुमच्या कार्यक्रमाला पात्र असलेल्या लोकांत अमुक समाजाचा वाटा किती आणि तुमच्या वर्गांत किती, याची तुलना. वाटा फार कमी असेल तर लगेच शिक्षा नाही, पण त्या लोकांपर्यंत पोचायला काय केलंत हे दाखवावं लागतं: स्थानिक रेडिओ किंवा वर्तमानपत्र, व्यक्तिशः पत्रं, प्रत्यक्ष भेटी. तपासणीच्या वेळी ‘आम्ही फ्लायर लावला होता’ एवढं पुरत नाही. म्हणून मी भेटींची वही ठेवते. कुठे गेले, कुणाशी बोलले, त्यांनी नाही म्हटलं तर ते का. ही वही म्हणजे नुसता कागदोपत्री जाच आहे असं सहकारी म्हणतात. मला ती या सगळ्या प्रशिक्षणातली सगळ्यात प्रामाणिक गोष्ट वाटते.

भाषेबद्दल सध्या गोंधळ आहे. इंग्रजी कच्ची असलेल्यांना मदत करण्यासंबंधी २००० सालचा अध्यक्षीय आदेश मार्च २०२५मध्ये रद्द झाला आणि इंग्रजीला अधिकृत भाषा ठरवलं गेलं. यावरून ‘आता दुभाष्याची गरज नाही’ असं काही जण बोलून जातात. टायटल सिक्स मात्र जागेवर आहे, आणि सॅन फ्रान्सिस्कोतल्या इंग्रजी न येणाऱ्या चिनी शाळकरी मुलांच्या लाउ खटल्यात १९७४मध्येच सर्वोच्च न्यायालयाने भाषा आणि मूळ राष्ट्रीयत्व यांचा धागा जोडला होता. तुमच्या संस्थेची सध्याची सूचना लेखी मागा. पण एक नियम कधीच ढिला करू नका: आईसाठी तिच्या नऊ वर्षांच्या मुलाला दुभाषी करायचं नाही. मूल हुशार असतं, हौसेने पुढे येतं, आणि मधुमेहाविषयी आईने विचारलेला प्रश्न घाबरून स्वतःच गिळून टाकतं.

धर्माची बाजू आपल्या लोकांनी नीट समजून घ्यावी. चर्च, मशीद, मंदिर, कुठेही वर्ग घेता येतो, पण प्रार्थना वर्गाचा भाग होऊ शकत नाही. ती वेगळ्या वेळी किंवा वेगळ्या जागी हवी आणि तिला बसणं ऐच्छिक हवं. एका मंदिराच्या सभागृहात मला आग्रह झाला की आधी आरती, मग लगेच तुमचा वर्ग, म्हणजे सगळे थांबतील. मी मध्ये अर्ध्या तासाचं अंतर ठेवायला लावलं. गर्दी थोडी कमी झाली. फ्लायर वाचून आलेलं एक सोमाली कुटुंब मात्र निवांत आत येऊन बसलं.

आणि जात. भेदभावाला बंदी असलेल्या गोष्टींच्या केंद्रीय यादीत ती नाही. सिएटलने फेब्रुवारी २०२३मध्ये शहरापुरती जातिभेदावर बंदी आणली, कॅलिफोर्नियाचं विधेयक त्याच वर्षी राज्यपालांनी नाकारलं. केंद्राच्या यादीत नाव नाही म्हणून आपण मोकळे, असं कुणी समजू नये. भारतीय गटासमोर ‘आपल्या घरात तर मांस शिजतच नाही’ असं गृहीत धरून बोलणारी एज्युकेटर समोरच्या निम्म्या लोकांना परकं करते, आणि तिला ते कळतही नाही. मी पाककृतीत डाळ आणि अंडी दोन्ही ठेवते, कोण काय खातो यावर टिप्पणी करत नाही. ‘शुद्ध’ हा शब्द वर्गात वापरत नाही.

तक्रारीचं थोडक्यात. कुणी म्हणालं की माझ्याशी भेदभाव झाला, तर समजूत घालत बसायचं नाही, ‘त्यांचा तसा हेतू नसेल’ म्हणायचं नाही. यूएसडीएचा एडी-३०२७ हा फॉर्म द्यायचा. लिहिता येत नसेल तर सांगतील तसं लिहून घ्यायचं. तोंडी तक्रारही तक्रारच, निनावीसुद्धा. मुदत घटनेपासून १८० दिवस. चौकशी करणं आपलं काम नाही. ठरलेल्या माणसाकडे ती लगेच पोचवणं आपलं काम आहे. तक्रार केली म्हणून त्या माणसाशी पुढे वाकडं वागणं हेही नियमांचं वेगळं उल्लंघन धरतात. ज्या एका प्रसंगात माझ्यासमोर अशी तक्रार आली, तिथे सगळ्यात कठीण गेलं ते गप्प राहून लिहून घेणं, कारण तक्रार माझ्या आवडत्या स्वयंसेविकेबद्दल होती.

मुलाखतीत यावर प्रश्न येतो. ‘मी सगळ्यांशी सारखंच वागते’ हे उत्तर देऊ नका. तेच दहातले नऊ जण देतात. उलट एखादी ठोस गोष्ट सांगा: ऐकू न येणारी व्यक्ती वर्गाला आली तर आठवडाभर आधी काय तयारी कराल, किंवा पालकांच्या वर्गात प्रचाराचा टी-शर्ट घातलेल्यावर दुसरा कुणी शेरा मारला तर काय बोलाल. भारतात अंगणवाडीत किंवा शालेय पोषण आहारात काम केलं असेल तर तो अनुभव दडवू नका. पंगतीत कोण कुठे बसतं आणि स्वयंपाकाला कुणाला ठेवतात, हे तुम्ही पाहिलेलं असतं, आणि मुलाखत घेणाऱ्यांना त्यात खरा रस असतो.

नोकरी लागल्यावर प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, तारीख आणि विषयांची यादी स्वतःकडेही जपून ठेवा. कार्यक्रम बंद होतात, ऑफिसचे ईमेल बंद होतात, आणि नवीन ठिकाणी पहिल्याच दिवशी ते मागतात.