विमा घेताना आणि घेतल्यावर फसवणूक कशी ओळखावी

"मावशी, तुमच्या बंद पडलेल्या पॉलिसीवर दोन लाख चाळीस हजार बोनस जमलाय. जीएसटी आणि फाईलचे आठ हजार तेवढे भरा." सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या आमच्या ओळखीच्या एका मावशींना हा फोन आला. फोनवाल्याला पॉलिसी नंबर तोंडपाठ, जन्मतारीखही बरोबर. मावशींनी आठ हजार भरले. चार दिवसांनी 'एनओसी'चे बारा हजार मागितले, तेव्हा कुठे त्यांनी मुलाला सांगितलं.

फोन आला तर

विमा कंपनीकडून आपल्याला पैसे यायचे असतील, तर कर वगैरे त्यातूनच कापला जातो. आधी आपल्याकडून कोणी मागत नाही. त्यातून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावर 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीच नाही. 'आयआरडीएआयमधून बोलतोय' म्हणणाराही खोटाच. ती विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी नियामक संस्था, ती पॉलिसी विकत नाही, बोनस वाटत नाही. फोन ठेवा आणि पॉलिसी घेऊन शाखेत जा. इंटरनेटवर शोधून सापडलेला 'कस्टमर केअर' नंबर लावू नका, तोही बऱ्याचदा त्याच टोळीचा असतो. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत पसरते.

पैसे भरताना

चेक किंवा ऑनलाइन, पण कंपनीच्याच नावावर. एजंटाच्या स्वतःच्या यूपीआयवर नाही, मग तो भाचा का असेना. "पहिला हप्ता मी भरतो" हे आमिषही नको. विमा कायद्याच्या कलम 41 नुसार कमिशनातून अशी सूट देणं आणि घेणं दोन्ही बेकायदेशीर आहे.

फॉर्म भरताना

खरा घोळ इथे होतो, आणि त्यात आपलाही हात असतो. एजंट म्हणतो, "शुगर लिहू नका, हप्ता वाढतो." आपण मान डोलावतो. पुढे माणूस गेल्यावर कंपनी जुने रिपोर्ट काढते. कलम 45 प्रमाणे पॉलिसीला तीन वर्षं होईपर्यंत चुकीच्या माहितीवरून कंपनी ती नाकारू शकते, आणि ऐन गरजेला घरच्यांच्या हातात नकाराचं पत्र येतं. त्या वेळी एजंट 'मी असं म्हणालोच नव्हतो' म्हणून मोकळा.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट. कित्येक घरांत तेलुगू किंवा कन्नड बोलली जाते आणि फॉर्म इंग्रजीत असतो. आपण दुसऱ्या भाषेत सही केली किंवा अंगठा दिला, तर 'मजकूर यांना समजावून सांगितला' असं समजावणाऱ्याने फॉर्मवर लिहून सही करायची असते. ती जागा कोरी असेल तर सही करू नका. मुलाला, सुनेला शेजारी बसवून प्रत्येक प्रश्न वाचून घ्या.

पॉलिसी हातात आल्यावर

कपाटात ठेवण्याआधी उघडा. सोबत आलेल्या फॉर्मच्या प्रतीत आजारांची उत्तरं काय आहेत? वारसाचं नाव बरोबर आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, हप्ते किती वर्षं भरायचे? 'एफडीसारखंच आहे, एकदाच भरा' म्हणून विकलेली पॉलिसी दहा वर्षांच्या हप्त्यांची निघते, तेव्हा ठेव मोडायला आलेल्या निवृत्त माणसाचा चेहरा बघवत नाही. पॉलिसी मिळाल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. तेवढ्या दिवसांच्या जोखमीचा हप्ता, तपासणी आणि स्टँपचा खर्च वजा होऊन पैसे परत मिळतात. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

गाडीचा विमा

थर्ड पार्टी विम्याचे, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणाऱ्या विम्याचे, दर सरकार ठरवतं. ते कुणी निम्म्यात देत असेल तर कागद बनावट समजा. काही जण ट्रकचा विमा दुचाकीच्या दराने काढून कागदावर वाहनाचा प्रकार बदलून देतात. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून विम्याची नोंद पाहून घ्या.

दवाखान्यात

कोऱ्या क्लेम फॉर्मवर सही नको. 'एक दिवस ॲडमिट दाखवू' म्हणणाऱ्याला नाही म्हणा. खोटा दावा तुमच्या नावावर लागतो.

तक्रार

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी. दाद मिळाली नाही तर आयआरडीएआयचं तक्रारींचं बीमा भरोसा पोर्टल किंवा त्यांचा फोन नंबर 155255. कंपनीने नाकारलं, किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जाता येतं. सोलापूरसाठी त्यांचं कार्यालय पुण्यात आहे. 50 लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात. फी नाही, वकीलही लागत नाही.

मावशींचं पुढे काय झालं? मुलाने त्यांना शाखेत नेलं. बोनस वगैरे काही नव्हता. पण त्या जुन्या पॉलिसीचे हप्ते काही वर्षं नियमित भरलेले होते, त्यामुळे थोडी रक्कम खरंच निघत होती. ती मिळवायला लागला एक फॉर्म, रद्द केलेला चेक आणि मूळ पॉलिसी. पैसे एक रुपयाही नाही.